तार तुटते, तेल झिरपतं: जुन्या कॅम्पर व्हॅनच्या क्लचचा इतिहास

पॉडकास्टमध्ये आपण या वेळी जुन्या गाड्यांवर बोललो आणि बोलता बोलता क्लच मास्टर सिलिंडर बदलण्यापाशी येऊन थांबलो. नुसतं ऐकून हा भाग डोळ्यांसमोर आणणं अवघड आहे. शिवाय त्याच्या मागचा इतिहास चाळीस मिनिटांत मावला नाही. म्हणून हा लेख.

तुमच्यापैकी जे अमेरिकेत किंवा गल्फमध्ये वाढले, त्यांनी क्लच बहुधा कधी दाबलाच नसेल. ब्रिटनमध्ये ड्रायव्हिंग टेस्ट दिलेल्यांनी मात्र त्याच्यापायी चांगलाच घाम गाळला असेल. तर आधी थोडक्यात सांगते. गाडी उभी असली तरी इंजिन फिरत असतं. फिरणारं इंजिन आणि थांबलेली चाकं यांच्यातला दुवा हवा तेव्हा सोडवायचा आणि मग हळूच पुन्हा जोडायचा, हे क्लचचं काम. डाव्या पायाने आपण पेडल दाबतो आणि तो जोर कुठल्या तरी वाटेने गिअरबॉक्सजवळच्या क्लचपर्यंत जातो. हा लेख त्या वाटेबद्दल आहे.

बहुतेक गाड्यांत ही वाट हातभराची असते, कारण इंजिन पुढेच असतं. पण फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनमध्ये ड्रायव्हर अगदी पुढच्या टोकाला बसतो आणि इंजिन असतं मागच्या टोकाला. म्हणजे पायाचा जोर अख्ख्या गाडीची लांबी पार करून मागे न्यावा लागतो. १९५० पासून १९७९ पर्यंत हे काम एका पोलादी तारेने केलं. १९७९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या व्हॅनमध्ये, जिला युरोपात टी-३ आणि अमेरिकेत वॅनागन म्हणतात, ते एका द्रवाकडे गेलं. तार गेली, मास्टर सिलिंडर आला.

वरवर पाहता हा एका सुट्या भागातला बदल. मला त्यात एक मोठी गोष्ट दिसते. तार झिजते ते डोळ्यांना दिसतं. सिलिंडर आतून झिजतो आणि बाहेर काहीच दिसत नाही. वस्तूची काळजी घेणं म्हणजे काय, याचाच अर्थ या बदलाने बदलला.

वहीतलं एक चित्र

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा वोल्फ्सबर्गचा मोटार कारखाना ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखाली होता. कारखान्यातला माल इकडून तिकडे न्यायला तिथल्या लोकांनी बीटल गाडीचेच भाग वापरून एक सपाट गाडा बनवला होता. त्यात ड्रायव्हर मागे, इंजिनच्या वर बसायचा आणि पुढे माल. बेन पॉन नावाच्या डच व्यापाऱ्याने तो पाहिला आणि २३ एप्रिल १९४७ रोजी आपल्या वहीत एक साधं चित्र काढलं: पावासारखी गोलसर पेटी, ड्रायव्हर पुढे, इंजिन मागे आणि मधली सगळी जागा मालासाठी मोकळी. मार्च १९५० मध्ये या व्हॅनचं उत्पादन सुरू झालं. १९५१ साली वीडेनब्रुकच्या वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवता-काढता येणारं एक खोकं आणलं, ज्यात झोपायची आणि स्वयंपाकाची सोय होती. आठवडाभर माल वाहणारी गाडी सुट्टीत घर होऊ लागली. कॅम्पर व्हॅन ती हीच.

इथे एक आडवाट, कारण ती थेट पुण्यात पोचते. त्याच सुमारास, १९४९ साली, हॅम्बर्गच्या व्हिडाल अँड सोन कंपनीने 'टेम्पो मॅटाडोर' ही छोटी मालगाडी काढली होती. तिच्यात सुरुवातीला इंजिन फोक्सवॅगनचंच बसवलेलं होतं. पण फोक्सवॅगनची स्वतःची व्हॅन बाजारात आली आणि प्रतिस्पर्ध्याला इंजिन पुरवण्याचं काम काही वर्षांत थांबलं. याच व्हिडाल अँड सोनच्या सहकार्याने १९५८ साली फिरोदियांची बजाज टेम्पो उभी राहिली. आधी तीनचाकी, मग आकुर्डीच्या कारखान्यातली मॅटाडोर. आपण मराठीत कुठल्याही छोट्या मालवाहू गाडीला 'टेम्पो' म्हणतो, सामान हलवताना 'टेम्पो ठरवतो', तो शब्द मुळात हॅम्बर्गच्या त्या कंपनीच्या गाड्यांचं नाव आहे. ज्या व्हॅनच्या क्लचबद्दल आपण बोलतोय, ती आपल्या टेम्पोची अशी दूरची भाऊबंद.

ब्रेकला तेल, क्लचला तार

आता एक कोडं. १९५० च्या पहिल्या व्हॅनमध्ये ब्रेक हायड्रॉलिक होते. पेडल दाबलं की नळ्यांतल्या द्रवातून दाब चारही चाकांपर्यंत जायचा. म्हणजे हे तंत्र त्याच गाडीत, त्याच कारखान्यात हाताशी होतं. मग शेजारच्याच पेडलला, क्लचला, ते मिळायला आणखी २९ वर्षं का लागली?

उत्तर पास्कलच्या नियमात आहे. बंदिस्त द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो. शाळेत आपण हे पाठ केलेलं असतं. ब्रेकसाठी यातला 'सारखाच' हा शब्द जिवावरचा आहे. चार चाकांना चार तारा किंवा सळया असतील आणि त्यातली एक जरा जास्त ताणलेली असेल, तर ब्रेक मारल्यावर गाडी त्या बाजूला ओढली जाते. तारांच्या ब्रेकचा जमाना म्हणजे या चार ताणांचा मेळ सतत घालत बसणं. द्रवाला तो मेळ घालावा लागत नाही, निसर्गच घालतो. तरीही बदल सावकाशच झाला. अमेरिकेत फोर्डने १९३९ पर्यंत यांत्रिक ब्रेक सोडले नाहीत. बीटलच्या निर्यातीच्या मॉडेलला १९५० मध्ये हायड्रॉलिक ब्रेक मिळाले, पण स्वस्तातल्या साध्या मॉडेलवर तारेचे ब्रेक १९६२ पर्यंत चालू होते.

क्लच मात्र एकच असतो. तिथे चौघांत समान वाटणी करायचा प्रश्नच नाही. एका टोकाला ओढलं की दुसऱ्या टोकाला हललं पाहिजे, बस. त्याला तार पुरते. सायकलच्या ब्रेकची तार आठवा. बाहेर नळी, आत सरकणारी तार. या रचनेला ती रूढ करणाऱ्या अर्नेस्ट बोडन यांचं नाव आहे. व्हॅनच्या क्लचची तार म्हणजे त्याच कल्पनेचं लांबलचक रूप. पेडलपासून निघून गाडीच्या पोटाखालून नळीतून जाणारी, मागे गिअरबॉक्सपाशी हाताने फिरवायच्या नटाने ताणलेली. ताण कमी वाटला की गाडीखाली सरकायचं, नट थोडा फिरवायचा, झालं.

म्हणून क्लचला द्रव उशिरा मिळाला यात मागासलेपण काही नव्हतं. गंमत म्हणजे याच कंपनीने १९७४ मध्ये आणलेल्या गोल्फमध्ये क्लचला तारच ठेवली होती, आणि १९७९ मध्ये नवी व्हॅन द्रवावर गेली तेव्हाही गोल्फची तार चालूच होती. गोल्फचं इंजिन पुढे, वाट छोटी. तंत्रज्ञानाचा इतिहास 'जुनं गेलं, नवं आलं' अशा सरळ रेषेत क्वचितच चालतो. जिथे जे पुरतं तिथे ते टिकतं.

तारेवरचे प्रवास

या तारेच्या क्लचवर साठ आणि सत्तरच्या दशकांत हजारो मैलांचे प्रवास झाले. पश्चिम युरोपातून निघून इस्तंबूल, तेहरान, हेरात, कंदहार, काबूल, खैबर खिंड, लाहोर, दिल्ली. तिथून कुणी काठमांडूला जायचं, कुणी गोव्याला. हणजुण्याच्या किनाऱ्यावर पोचलेल्या परदेशी पोरांपैकी काही जण बसने आले, काही जण मिळेल त्या वाहनाने, आणि काही स्वतःच्या फोक्सवॅगन व्हॅनमधून. गोव्याच्या या काळावर लिहिताना लोक संगीत आणि नशा यांच्याबद्दल भरभरून लिहितात. त्या व्हॅन तिथवर चालत कशा राहिल्या, याबद्दल फार कमी.

त्या चालत राहिल्या याचं एक कारण त्यांचा साधेपणा. क्लचची तार एकदम तुटत नाही. आधी तिचे धागे सुटायला लागतात, पेडल जड लागतं, घासल्याचा आवाज येतो. शहाणा ड्रायव्हर एक जादा तार सीटखाली वेटोळं करून ठेवायचा. आणि वाटेत तुटलीच, तर? इंजिन बंद असताना पहिला गिअर टाकायचा आणि किल्ली फिरवायची. स्टार्टरची मोटरच गाडीला ढकलते आणि धक्के खात गाडी सुरू होते. पुढचे गिअर इंजिनचा वेग जुळवून क्लचशिवाय टाकता येतात. पुढच्या गावापर्यंत पोचायला एवढं पुरे.

हे ज्ञान फक्त गॅरेजवाल्यांकडे नव्हतं. इंजिनिअरची नोकरी सोडून न्यू मेक्सिकोत गाड्या दुरुस्त करणाऱ्या जॉन म्यूर यांनी १९६९ साली 'हाउ टु कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह' हे पुस्तक काढलं. अगदी अडाणी माणसालाही जमेल अशी एकेक पायरी, असं त्याचं उपशीर्षकच होतं. पीटर अ‍ॅशवांडन यांची चित्रं, गप्पा मारल्यासारखी भाषा आणि कुठलं हत्यार आधी हातात घ्यायचं इथपासून सगळं. ज्यांनी कधी पाना धरला नव्हता अशा लोकांना या पुस्तकाने एक गोष्ट पटवून दिली: ही गाडी तुमच्याने उघडता येते.

कातडं, रबर आणि एरंडेल

आता द्रवाच्या बाजूने येऊ. हायड्रॉलिकचं तत्त्व पास्कलचं, १६६३ साली त्यांच्या मृत्यूनंतर छापलेल्या लेखनातलं. ते यंत्रात उतरायला सव्वाशेहून जास्त वर्षं गेली. जोसेफ ब्रामा यांनी लंडनमध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं १७९५ मध्ये. अडचण तत्त्वाची नव्हतीच, गळतीची होती. दट्ट्या सरकायला फट हवी, आणि फट ठेवली की दाबाखालचं पाणी त्यातून बाहेर. यावर निघालेला तोडगा फार सुंदर होता: कातड्याचा वाटीसारखा कप. दाब वाढला की त्याची कड पसरून भिंतीला अधिकच घट्ट चिकटते. गळायला लावणारा दाबच गळती थांबवतो. या कल्पनेचं श्रेय ब्रामांच्या हाताखाली काम करणाऱ्या हेन्री मॉड्स्ले यांना दिलं जातं.

माल्कम लॉगहेड यांनी १९१७ मध्ये मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकचं पेटंट घेतलं (त्यांचा भाऊ अ‍ॅलन विमानांच्या धंद्यात होता, पुढे दोघांच्या कामाला 'लॉकहीड' हे सोप्या स्पेलिंगचं नाव चिकटलं). १९२१ च्या डूसेनबर्गमध्ये चारही चाकांना असे ब्रेक होते. पण सुरुवातीचे कप कातड्याचेच होते आणि ते सुकायचे, गळायचे. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी तिथल्या इंजिनिअरांनी कातड्याच्या जागी रबराचे कप आणले आणि मग हे तंत्र सर्वसामान्य गाडीत वापरण्याजोगं झालं.

रबर आलं तशी दुसरी अडचण आली. मी पॉलिमरवर काम करते, त्यामुळे या टप्प्यावर मी जरा रेंगाळणार. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं आणि मऊ पडतं. म्हणजे इंजिनचं तेल चालणार नाही. पाणी गोठतं, गंज चढवतं. मग घालायचं काय? उत्तर होतं एरंडेल आणि अल्कोहोल यांचं मिश्रण. हो, आपल्या आज्या पोट साफ करायला पाजायच्या तेच एरंडेल. एरंडेलाच्या रेणूवर एक हायड्रॉक्सिल गट असतो, त्यामुळे इतर खाद्यतेलांसारखं न वागता ते अल्कोहोलमध्ये सहज मिसळतं आणि रबराला इजा करत नाही. थंडीत ते घट्ट होतं, म्हणून पातळ ठेवायला अल्कोहोल. एरंडीचं पीक मोठ्या प्रमाणावर घेणारा आणि निर्यात करणारा देश म्हणजे भारत. आजही जगात एरंडीच्या उत्पादनात भारत पहिला आणि त्यातही गुजरात. इंजिनच्या तेलाचा कॅस्ट्रॉल हा ब्रँड १९०९ साली आला, त्याच्या नावातही एरंडेलाचं 'कॅस्टर' दडलेलं आहे.

पुढे एरंडेल गेलं, कारण अल्कोहोल लवकर उकळतं आणि ब्रेक तापतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्लायकॉलवर आधारलेले द्रव रूढ झाले, आणि त्यांच्यासाठी अमेरिकेच्या परिवहन खात्याची डॉट-३, डॉट-४ अशी मानकं आली. पण भारतात आपण अजूनही 'ब्रेक ऑइल' म्हणतो. इतिहास म्हणून हा शब्द अगदी बरोबर आहे, कारण एके काळी ते खरोखर तेल होतं. रसायन म्हणून मात्र तो चुकीचा आणि धोकादायकही. कुणी 'ऑइल' हा शब्द शब्दशः घेऊन टाकीत इंजिन ऑइल ओतलं, तर आतली सगळी रबरं फुगतात आणि ब्रेक निकामी होऊ शकतात. आणि आपल्या व्हॅनमध्ये क्लच आणि ब्रेक एकाच टाकीतून पितात.

सिलिंडरच्या आत

१९७९ ची नवी व्हॅन आधीपेक्षा मोठी आणि जड होती. मालगाडीपेक्षा कुटुंबाची गाडी म्हणून ती जास्त विकायची होती. लांब तार घासते, ताणली जाते, आणि क्लचची स्प्रिंग जितकी दणकट तितकं पेडल जड. द्रवाला लांबीचा त्रास नाही, नळी हवी तशी वळवता येते आणि रबर झिजेपर्यंत काही ताणून बसवावं लागत नाही. शिवाय दोन सिलिंडरांच्या आकारांचं प्रमाण साधून पायाचा जोर वाढवता येतो.

रचना सांगायला सोपी आहे. पेडलजवळ मुठीत मावेल असा मास्टर सिलिंडर. आत दट्ट्या, दट्ट्यावर रबरी कप, मागे ढकलायला स्प्रिंग. टाकीतून एक नळी त्यात येते. मागे गिअरबॉक्सवर दुसरा सिलिंडर, स्लेव्ह. दोघांमध्ये धातूची लांब नळी आणि शेवटी थोडी लवचीक. पेडल मोकळं असताना एका बारीक भोकातून टाकी आणि नळी यांचं येणंजाणं चालू असतं. ऊन लागून द्रव फुगला तर तो परत टाकीत जातो. पेडल दाबलं की कप त्या भोकाच्या पुढे सरकतो, भोक बंद होतं आणि आता कोंडलेला द्रव मागे ढकलला जातो. म्हणून पेडल आणि दट्ट्या यांच्यामध्ये केसाएवढी मोकळीक ठेवावीच लागते. ती नसेल तर भोक कधीच उघडत नाही, तापलेला द्रव कोंडतो आणि पेडल न दाबताही क्लच सुटायला लागतो.

हे सगळं बिघडतं कसं? ग्लायकॉलचा द्रव हवेतलं पाणी शोषतो. डॉट-४ ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी मुरल्यावर मानकाची अपेक्षा १५५ वर येते. क्लच ब्रेकइतका तापत नाही, पण तिथे पाणी दुसरंच काम करतं, गंजाचं. सिलिंडरच्या आतल्या गुळगुळीत भिंतीला बारीक खड्डे पडतात आणि रबराची कड प्रत्येक वेळी त्यांच्यावरून घासली जाते. एका मित्राच्या जुन्या व्हॅनमधून निघालेला सिलिंडर मी उभा कापून पाहिला. बाहेरून ठीकठाक होता. आत मात्र दट्ट्या विसावतो तिथे तपकिरी खड्ड्यांची रांग होती आणि कपाची कड एका बाजूने बोथट झालेली.

बदलण्याचं काम

आधी निदान. पेडल मऊ लागतं किंवा जमिनीपर्यंत जातं, रिव्हर्स टाकताना खरखर होते, टाकीतली पातळी उतरते. पेडलच्या दांड्यावर किंवा खालच्या मॅटवर ओल असेल तर मास्टर गळतोय. मागे गिअरबॉक्सपाशी ओल असेल तर स्लेव्ह. आणि कुठेच ओल नाही, पण दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जातं, तर मास्टरमध्ये द्रव कपाच्या कडेवरून आतल्या आत मागे येतोय. हा शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा.

काम सुरू करण्यापूर्वी जुनी फडकी आणि प्लास्टिक अंथरा, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घाला. हा द्रव गाडीचा रंग खातो. सांडलाच तर लगेच पाण्याने धुवायचा. टी-३ मध्ये टाकी वेगाच्या काट्याच्या मागे, डॅशबोर्डचं झाकण उचललं की दिसते. टाकीतला द्रव पिचकारीने ओढून काढायचा. मग पेडलपाशी दट्ट्याच्या दांड्याची खीळ काढायची, टाकीकडून आलेली नळी सोडवायची, आणि मागे जाणाऱ्या धातूच्या नळीचा नट. या नटाला साधा पाना लावू नका. कडा गोल झाल्या की दिवस गेला. नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा नळीचा खास पाना मिळतो, तोच घ्या. शेवटी सिलिंडरचे दोन बोल्ट. जागा इतकी अडचणीची की बराचसा वेळ डोकं पेडलखाली आणि पाय दाराबाहेर अशा अवस्थेत जातो.

नवा सिलिंडर बसवताना आधी धातूच्या नळीचा नट बोटांनी काही आटे फिरवून घ्या आणि मगच बोल्ट घट्ट करा. उलट केलं तर नट तिरका बसतो. टाकीकडून येणारी कापडी वेष्टणाची नळी जुनी असेल तर तीही बदला. मास्टर गेला असेल तर स्लेव्ह आणि मागची लवचीक नळी त्याच वयाची असते. तिघांना एकदम बदलणं शहाणपणाचं.

मग हवा काढणं. महाराष्ट्रातले मेकॅनिक याला 'एअर काढणे' म्हणतात आणि ते नाव कामाचं नेमकं वर्णन आहे. द्रव दाबला जात नाही, हवा दबते. नळीत बुडबुडा राहिला की पायाचा जोर त्याला दाबण्यातच जातो. एक जण पेडलवर, एक जण गाडीखाली स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून. 'दाब', 'धर', निपल उघडायचं, बंद करायचं, 'सोड'. टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. या व्हॅनमध्ये नळी लांब असल्याने हवा हट्टी असते, आणि पुष्कळ लोक शेवटी खालून, स्लेव्हच्या बाजूने, द्रव वर ढकलतात. हवेला वर जायचंच असतं, तिला तिच्या वाटेने जाऊ द्यायचं. सगळं झाल्यावर ती केसाएवढी मोकळीक तपासायची आणि काढलेला द्रव बाटलीत भरून कचरा केंद्रावर द्यायचा, गटारात ओतायचा नाही.

टाकीकडे एकदा नीट पाहा. क्लचकडे जाणाऱ्या नळीचं तोंड वरच्या बाजूला आहे. क्लचचा द्रव पूर्ण गळला तरी ब्रेकपुरता द्रव तळाशी उरावा, अशी ही योजना. क्लच गेला तर गाडी थांबते, ब्रेक गेले तर थांबत नाही. हा विचार कुणीतरी त्या प्लास्टिकच्या डब्यात ओतून ठेवलाय.

डोळे आणि कॅलेंडर

१९७९ हे साल आणखी एका कारणाने लक्षात राहतं. त्याच वर्षी इराणमध्ये क्रांती झाली आणि डिसेंबरमध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. गोव्याकडे येणारी खुष्कीची वाट बंद झाली. तारेची व्हॅन आणि ती वाट जवळजवळ एकदमच मावळली, हा निव्वळ योगायोग. (जुनी व्हॅन ब्राझीलमध्ये २०१३ पर्यंत बनत होती, तेव्हा 'मावळली' हेही युरोपापुरतंच.)

पण बदल खरा होता. तारेच्या गाडीत काळजी घेणं म्हणजे पाहणं, ऐकणं, हाताने ताण जोखणं. द्रवाच्या गाडीत या इंद्रियांचा उपयोग कमी झाला. पाणी मुरताना दिसत नाही, खड्डे पडताना ऐकू येत नाहीत. इथे काळजी घेणं म्हणजे तारीख पाळणं: साधारण दर दोन वर्षांनी द्रव बदलणं, मग तो बरा दिसो वा वाईट. रोजचा आराम वाढला आणि त्या बदल्यात बिघाड आपल्या नजरेआड गेला. हा सौदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण तो सौदा होता हे विसरायला नको, कारण पुढचा टप्पा आपण सध्या जगतोय. नव्या गाडीत कधी काय बदलायचं हे गाडीचं सॉफ्टवेअर ठरवतं, आणि ती माहिती मालकाला किंवा कोपऱ्यावरच्या गॅरेजला मिळावी की नाही यावर कायदे करावे लागतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ साली तसा कायदा मतदानाने मंजूर केला. आधी डोळे होते, मग कॅलेंडर आलं, आता कॅलेंडरही दुसऱ्याच्या हातात.

इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' या पुस्तकात म्हटलंय की आपण तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांनी लिहितो, वापराच्या आणि देखभालीच्या नाही. जुनी व्हॅन ही त्याची चांगली उलटतपासणी आहे. तिच्यासोबत अनेकदा एक फुगलेली फाईल येते. चाळीस वर्षांच्या पावत्या, निरनिराळ्या मालकांची अक्षरं, 'क्लच सिलिंडर बदलला' अशी एखादी ओळ आणि खाली तारीख. पॉन यांचं चित्र संग्रहालयात पाहता येतं, ही फाईल मात्र गाडी मोडीत निघाली की कचऱ्यात जाते. तिच्याशिवाय पुढच्या मालकाला आतला द्रव किती जुना आहे हे कळायला काही मार्ग नाही. ब्रिटनमध्ये तर २०१८ पासून ४० वर्षांहून जुन्या आणि फारसे फेरबदल न झालेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. म्हणजे सुरुवातीच्या टी-३ गाड्यांच्या ब्रेकवर नजर ठेवणारा सरकारी माणूसही आता असेलच असं नाही.

तेव्हा तुमच्याकडे अशी गाडी असेल, किंवा तुमच्या मित्राकडे असेल आणि 'दाब, धर, सोड' म्हणायला तुम्हाला बोलावलं असेल, तर काम झाल्यावर एक चिठ्ठी लिहा. कुठला भाग बदलला, कुठला द्रव घातला, कुठल्या दिवशी. ती टाकीच्या झाकणाखाली चिकटवा. पुढे जो कोणी ते झाकण उचलेल, त्याला याहून उपयोगी इतिहास दुसरा मिळणार नाही.